नळाला मोटार की अंगणात टाकी? : लिनक्सच्या ‘वेगवान’ उपायांची चिकित्सा

लिनक्स वापरणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो. संगणक अद्ययावत करायला फार वेळ लागतो अशी तक्रार त्याने केली, की कोणी सांगते अमुक साधन बसवा, कोणी सांगते तमुक फाइलीत एक ओळ घाला. वेग कितीतरी पटींनी वाढेल. असे उपाय पुष्कळ आहेत. त्यांतले काही खरोखर बुद्धिमान आहेत, काही निरुपद्रवी आहेत आणि काही चक्क धोक्याचे आहेत. या लेखात आपण त्यांतील मुख्य उपायांची चिकित्सा करू.

चिकित्सेला निकष लागतो. आमचा निकष शाळेचा संगणक कक्ष हा आहे. तेथे पंधरा-वीस संगणक असतात, बाहेर जाणारी इंटरनेटची जोडणी मात्र एकच असते. अनेक यंत्रांतील हार्ड डिस्क जुन्या असतात. वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. आणि हे सगळे सांभाळणाऱ्या शिक्षकाला स्वतःचे तासही घ्यायचे असतात. घरी एकच संगणक असलेल्या हौशी माणसाला जो उपाय उत्तम, तो या कक्षात उत्तम ठरेलच असे नाही. वेगाविषयीच्या बहुतेक सल्ल्यांत हा फरक लक्षातच घेतलेला नसतो, ही आमची त्यांच्याविषयीची मुख्य तक्रार आहे.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. अद्ययावत करणे म्हणजे पडद्यावर नवे रंगरूप येणे, अशी समजूत आढळते. प्रत्यक्षात येणाऱ्या पॅकेजांपैकी महत्त्वाचा भाग दोषदुरुस्तीचा असतो, आणि त्यांतील काही दोष असे असतात की त्यांच्या आधारे परक्या माणसाला संगणकात शिरकाव करता येतो. काम वेळखाऊ वाटले की ते पुढे ढकलले जाते. आधी परीक्षेनंतर, मग सुटीत, मग पुढच्या सत्रात. म्हणून वेगाचा प्रश्न हा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. तो नीट सोडवला नाही, तर विद्यार्थी ज्या यंत्रांवर शिकतात ती वर्षानुवर्षे उघड्या दाराची राहतात.

वेळ जातो कुठे?

उदाहरणासाठी डेबियन ही लिनक्सची वितरणप्रणाली घेऊ. इयान मर्डॉक यांनी ती १९९३ साली सुरू केली. उबुंटू तिच्यावरच उभी आहे, आणि सी-डॅक या आपल्या संस्थेने विकसित केलेली बॉस लिनक्स ही प्रणालीही. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. पॅकेज म्हणजे एखादा प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या फाइली आणि त्याला आणखी कोणाची गरज आहे याची नोंद, असा एकत्र बांधलेला गठ्ठा. ही पॅकेजे आणण्याचे काम ‘अ‍ॅप्ट’ नावाचे साधन करते. डेबियनच्या १९९९ सालच्या २.१ या आवृत्तीपासून ते वापरात आहे. गठ्ठा सोडून फाइली जागच्या जागी लावण्याचे काम ‘डीपीकेजी’ हे दुसरे साधन करते.

म्हणजे अद्ययावत करण्याचे तीन टप्पे झाले. पहिल्यात भांडारातील पॅकेजांची ताजी यादी येते. दुसऱ्यात हवी ती पॅकेजे येतात. तिसऱ्यात ती सोडवून, जुन्या फाइलींच्या जागी नव्या ठेवून, प्रत्येक प्रोग्रॅमची मांडणी केली जाते. पहिले दोन टप्पे इंटरनेटवर अवलंबून आहेत. तिसऱ्याचा इंटरनेटशी काही संबंध नाही. तो संगणकाच्या प्रक्रियकावर आणि हार्ड डिस्कवर अवलंबून आहे.

आता समजा, एका जुन्या संगणकावर या कामाला १० मिनिटे लागतात. यादीला १, पॅकेजे आणायला ३ आणि मांडणीला ६. पॅकेजे आणण्याचा वेग आपण दुप्पट केला, तर एकूण वेळ होईल साडेआठ मिनिटे. तो वेग अनंत केला तरी ७ मिनिटे लागणारच. एखाद्या कामाचा एकच भाग कितीही वेगवान केला, तरी उरलेला भाग एकूण लाभावर मर्यादा घालतो, हा मुद्दा जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली संगणकाच्या रचनेसंदर्भात मांडला होता आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ‘वेग दुप्पट’ म्हणणाऱ्याला आपण पहिला प्रश्न विचारला पाहिजे, तो हा : कोणत्या टप्प्याचा?

नळाला मोटार

सर्वांत लोकप्रिय उपाय अनेक जोडण्यांचा आहे. अ‍ॅप्ट साधारणपणे एका सर्व्हरशी एकच जोडणी करते आणि तिच्यावरून पॅकेजे एकामागून एक मागवते. ‘अ‍ॅप्ट-फास्ट’ नावाचे साधन अ‍ॅप्टकडून हव्या असलेल्या फाइलींची यादी घेते आणि ‘अरिया-२’ या डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवते. अरिया-२ एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून, प्रसंगी एकाच फाइलीचे तुकडे करून, माल आणते. पुढची तपासणी व मांडणी पुन्हा अ‍ॅप्टच करते. इतर वितरणप्रणालींतही हा विचार आला आहे. आर्च लिनक्सच्या ‘पॅकमन’ या साधनाच्या २०२१ सालच्या ६.० या आवृत्तीत एकाच वेळी अनेक पॅकेजे आणण्याची सोय झाली. फेडोराच्या ‘डीएनएफ’मध्ये ती आधीपासून होती.

या उपायात तथ्य आहे हे आधी मान्य केले पाहिजे. इंटरनेटवरील जोडणी सुरुवातीपासून पूर्ण वेगाने वाहत नाही. पाठवणारा सर्व्हर आधी थोडी माहिती पाठवतो, पोच आल्यावर थोडी अधिक, असे करत वेग वाढवतो. सर्व्हर दूर असेल तर पोच यायलाच वेळ लागतो, आणि पॅकेज लहान असेल तर वेग वाढायच्या आतच ते संपते. अशा वेळी आपली वाहिनी अर्धी रिकामी राहते. अनेक जोडण्या उघडल्या तर ती भरते. घरी एकच संगणक आणि वेगवान वाहिनी असेल, तर फरक खरोखर जाणवतो.

शाळेत मात्र वाहिनी बहुधा आधीच भरलेली असते. तेथे काय होते हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांच्यातील इंटरनेट एकाएकी कोलमडले. दोन्ही ठिकाणांत अंतर अवघे ४०० यार्ड, पण माहिती वाहण्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. प्रत्येक संगणक आपापली माहिती रेटत होता, गर्दीत ती हरवत होती, आणि हरवलेली माहिती पुन्हा पाठवल्याने गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी यावर उपाय शोधला आणि १९८८ साली तो प्रसिद्ध केला. गर्दीचे चिन्ह दिसताच प्रत्येक जोडणीने आपला वेग स्वतःहून कमी करायचा, मग हळूहळू वाढवायचा. याचा परिणाम असा, की एकाच अरुंद वाहिनीवर सारख्या अंतराच्या अनेक जोडण्या आल्या, तर ढोबळमानाने प्रत्येकीला सारखा वाटा मिळतो.

येथे ‘प्रत्येक जोडणीला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वाटा संगणकाला मिळत नाही, माणसाला मिळत नाही, जोडणीला मिळतो. म्हणून जो आठ जोडण्या उघडेल त्याला आठ वाटे मिळतात. ज्या गावात नळाला थोडाच वेळ पाणी येते, तेथे एखादा गृहस्थ नळालाच विजेची मोटार लावतो. त्याची टाकी भरते. पण मुख्य जलवाहिनीत पाणी होते तेवढेच असते.

हिशेब करून पाहू. समजा, कक्षात २० संगणक आहेत, प्रत्येकाला ३०० मेगाबाइटची पॅकेजे हवी आहेत आणि बाहेरची वाहिनी सेकंदाला १० मेगाबिटांची आहे. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे ही वाहिनी सेकंदाला १.२५ मेगाबाइट आणते. एकूण माल २० गुणिले ३००, म्हणजे ६००० मेगाबाइट. त्याला लागतील ४८०० सेकंद, म्हणजे ८० मिनिटे.

आता एकाच संगणकावर आठ जोडण्यांची सोय केली. एकूण जोडण्या झाल्या २७, त्यांतल्या ८ त्याच्या. त्याला वाहिनीचा सुमारे ३० टक्के भाग मिळेल आणि तो साडेतेरा मिनिटांत मोकळा होईल. प्रयोग करणारा खूश होईल. पण उरलेले एकोणीस ८० व्या मिनिटालाच मोकळे होतील, कारण एकूण माल कमी झालेला नाही आणि वाहिनी रुंद झालेली नाही. मग उत्साहाने सर्वच संगणकांवर तीच सोय केली, तर जोडण्या होतील १६०, प्रत्येक संगणकाचा वाटा पुन्हा विसावा हिस्सा, आणि वेळ पुन्हा ८० मिनिटे. सगळ्या गल्लीने मोटारी लावल्या की कोणालाच जास्त पाणी मिळत नाही, विजेचे बिल तेवढे वाढते.

नुकसान भलत्याचेच होते. त्याच वाहिनीवर कार्यालयातील लिपिक शासनाच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांची माहिती भरत असतात, एकाच साध्या जोडणीवरून. वीस संगणकांच्या वीस जोडण्या चालू असतील, तर त्यांना एकविसावा वाटा मिळतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ४७६ किलोबिट. काम रखडत का होईना पण चालते. जोडण्या १६० झाल्या की त्यांचा वाटा होतो १६१ वा, म्हणजे सुमारे ६२ किलोबिट. त्यांचे पान उघडतच नाही, आणि कारण कोणाला कळत नाही.

दार लवकर उघडणारा दुकानदार

दुसरा उपाय ‘सर्वांत वेगवान मिरर’ निवडण्याचा. मिरर म्हणजे मूळ भांडाराची हुबेहूब प्रत ठेवणारा सर्व्हर. जगभरातील विद्यापीठे, संशोधन संस्था आणि कंपन्या स्वतःच्या खर्चाने असे सर्व्हर चालवतात. त्यांतला जवळचा निवडावा हा विचार योग्यच आहे. आक्षेप आहे तो ‘वेगवान’ ठरवण्याच्या पद्धतीला.

फेडोराच्या डीएनएफमध्ये यासाठी एक पर्याय आहे. तो प्रत्येक मिररशी जोडणी व्हायला किती वेळ लागला हे मोजतो आणि त्यावरून क्रम लावतो. पण जोडणी लवकर होणे आणि माल लवकर मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हाक मारताच दार उघडणारा दुकानदार पोते उचलून द्यायलाही चपळ असेल, असे नाही. डीएनएफच्या माहितीपुस्तिकेतच बजावले आहे, की सर्व्हरकडून येणारी मिररांची यादी बहुधा चांगला वेग मिळावा अशाच क्रमाने लावलेली असते आणि हा पर्याय तो क्रम मोडतो. डेबियनने तर आता हा प्रश्न बराचसा सोडवला आहे. त्यांच्या मुख्य पत्त्यावर मागणी केली, की ती जगभर पसरलेल्या वितरणजाळ्यातील जवळच्या सर्व्हरकडे आपोआप जाते. तेव्हा घाईघाईने जुन्या यादीतून एखादा मिरर कायमचा लिहून ठेवण्यात लाभापेक्षा तोटाच अधिक. तो मिरर उद्या बंद पडला किंवा शिळा झाला, तर अद्ययावत करण्याचे कामच थांबते.

फक्त फरक आणा

तिसरा उपाय बुद्धीला सर्वांत आकर्षक वाटणारा आहे. जुने पॅकेज आपल्याकडे आहेच, मग नवे अख्खे का आणायचे? दोहोंतला फरक तेवढा आणावा आणि नवे पॅकेज घरीच तयार करावे. फेडोराने २००९ साली ही सोय दिली. पण फरकावरून नवे पॅकेज उभे करायला प्रक्रियकाला पुष्कळ काम करावे लागते. ज्यांची वाहिनी वेगवान, त्यांना अख्खे पॅकेज आणणेच लवकर होऊ लागले. शिवाय प्रत्येक जुन्या-नव्या जोडीसाठी फरकाची फाइल आधी तयार असावी लागते, आणि बऱ्याचदा ती नसे. अखेर २०२४ सालच्या फेडोरा ४० पासून ही पद्धत सोडून देण्यात आली. पॅकमननेही २०१९ सालच्या ५.२ या आवृत्तीत, त्या भागात सुरक्षेचा दोष आढळल्यावर, ती काढून टाकली.

याच संदर्भात आर्च लिनक्सने केलेला उलट दिशेचा बदल शिकण्यासारखा आहे. २०१९ च्या अखेरीस त्यांनी पॅकेजे दाबून बांधण्याची पद्धत बदलली. ‘एक्सझेड’ सोडून ‘झेडस्टँडर्ड’ घेतली. सर्व पॅकेजांचा एकत्रित आकार सुमारे ०.८ टक्क्याने वाढला, पण गठ्ठा सोडण्याचा वेग सुमारे १३०० टक्क्यांनी वाढला, असे त्यांनी जाहीर केले. पॅकेज किंचित मोठे करून एकूण काम जलद झाले. आपण वर केलेली तीन टप्प्यांची विभागणी आठवली, की यातले इंगित कळते. त्यांनी तिसऱ्या टप्प्याकडे पाहिले.

धोक्याचा उपाय

तिसऱ्या टप्प्याविषयीचा एक प्रचलित सल्ला मात्र आम्हाला सपशेल नाकारावा लागतो. डीपीकेजी नवी फाइल लिहिल्यावर, ती डिस्कवर खरोखर उमटली आहे याची खात्री होईपर्यंत थांबते. जुन्या डिस्कवर या थांबण्याचा वेळ बराच होतो. हे थांबणे बंद करण्याची सोय आहे, आणि काम त्यामुळे लक्षणीय जलद होते हेही खरे. पण हे थांबणे कशासाठी होते? मध्येच वीज गेली तर फाइली अर्धवट राहून संगणक सुरूच होऊ नये, असे घडू नये म्हणून. ज्या शाळेत दुपारी वीज जाणे नित्याचे आहे, तेथे हा सल्ला म्हणजे वेळ वाचवण्यासाठी विहिरीचा कठडा काढण्यासारखे आहे. एकदाच वापरून टाकून द्यायच्या चाचणी-यंत्रावर तो चालेल, शाळेत नाही.

अंगणात टाकी

आता मूळ हिशेबाकडे वळू. ६००० मेगाबाइट हा आकडा आला कसा? ३०० मेगाबाइट गुणिले २०. पण ती वीस वेगवेगळी ३०० मेगाबाइट नव्हती. कक्षातील सर्व संगणकांवर एकच प्रणाली असेल, तर वीसही जणांनी तीच पॅकेजे दूरच्या सर्व्हरवरून वीस वेळा आणली. वर पाहिलेले उपाय आणण्याच्या वेगाविषयी बोलतात. तीच वस्तू वीसदा का आणायची, हे कोणी विचारत नाही.

उपाय साधा आहे. कक्षातील एका संगणकावर साठवण करणारा मध्यस्थ बसवायचा. डेबियन आणि उबुंटूसाठी ‘अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी’ हे असे साधन भांडारातच उपलब्ध आहे. बाकीच्या संगणकांना एका लहानशा फाइलीत एवढेच सांगायचे, की पॅकेजे मागायची ती या मध्यस्थाकडे, त्याच्या ३१४२ क्रमांकाच्या पोर्टवर. पहिल्याने मागितलेले पॅकेज मध्यस्थ बाहेरून आणतो, देतो आणि जवळ ठेवतो. दुसऱ्यापासून विसाव्यापर्यंत सर्वांना ते घरातूनच मिळते.

हिशेब असा होतो. बाहेरून एकदाच ३०० मेगाबाइट : २४० सेकंद, म्हणजे ४ मिनिटे. कक्षातील अंतर्गत जाळे साधे, सेकंदाला १०० मेगाबिटांचे, म्हणजे १२.५ मेगाबाइटांचे धरले, तरी ६००० मेगाबाइट वाटायला ४८० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे. एकूण १२ मिनिटे, पूर्वीच्या ८० च्या जागी. बाहेरून येणारा माल ६ गिगाबाइटांवरून ०.३ वर आला, आणि पहिली चार मिनिटे सोडली तर कार्यालयाच्या कामात अडथळाही आला नाही.

ही काही नवी युक्ती नाही. २००१ साली नॉर्वेमध्ये शाळांसाठी सुरू झालेल्या ‘स्कोलेलिनक्स’ या प्रकल्पात, जो पुढे ‘डेबियन एज्यु’ झाला, शाळेच्या मुख्य सर्व्हरवर ‘स्क्विड’ हा साठवण करणारा मध्यस्थ असतोच. ज्यांनी शाळा डोळ्यांसमोर ठेवून रचना केली, त्यांनी टाकी आधी बांधली.

टाकीतील पाणी शुद्ध कशावरून?

येथे जाणकार विद्यार्थी रास्त शंका काढेल. मध्यस्थाने, किंवा मध्यस्थात घुसखोरी केलेल्या कोणी, पॅकेज बदलून दिले तर?

याचे उत्तर डेबियनच्या रचनेतील सर्वांत सुंदर भाग आहे. भांडारात एक प्रमुख फाइल असते. तिच्यावर डेबियनची डिजिटल स्वाक्षरी असते. त्या फाइलीत पॅकेजांच्या यादीचा ठसा असतो, आणि यादीत प्रत्येक पॅकेजाचा ठसा असतो. ठसा म्हणजे फाइलीतील सर्व बिटांवरून गणिताने काढलेली संख्या. एक बिट बदलला तरी ती संख्या बदलते. स्वाक्षरी तपासण्याची किल्ली प्रत्येक संगणकावर आधीपासून असते. २००७ सालच्या डेबियन ४.० पासून ही तपासणी अ‍ॅप्ट स्वतःहून करते. म्हणून पॅकेज नॉर्वेतून आले की शेजारच्या टेबलावरून, याने फरक पडत नाही. अंगडियाने आणलेल्या पाकिटाचे लाखेचे सील शाबूत असले, की तो कोणत्या रस्त्याने आला हे विचारावे लागत नाही.

अर्थात सील तपासणाऱ्याच्या नजरेतही दोष असू शकतो. जानेवारी २०१९ मध्ये अ‍ॅप्टमध्येच असा दोष सापडला, की मार्गातील घुसखोराला तपासणी चुकवून बनावट पॅकेज पुढे करता येत होते. तो तातडीने दुरुस्त झाला. पण ज्यांनी संगणक अद्ययावत करणे पुढे ढकलले, त्यांच्याकडे तो उघडाच राहिला. स्वाक्षरीची साखळी कितीही पक्की असली, तरी तिला अद्ययावत ठेवण्याची सवय लागते.

टाकीच्याही मर्यादा

ज्या कठोरपणे बाकीचे उपाय तपासले, त्याच कठोरपणे हाही तपासला पाहिजे. संगणक दोनच असतील, तर लाभ फार तर निम्म्याचा. निरनिराळ्या संगणकांवर निरनिराळ्या आवृत्त्या असतील, तर पॅकेजे जुळत नाहीत आणि साठ्याचा उपयोग घटतो. भांडाराशी सांकेतिक, म्हणजे ‘एचटीटीपीएस’ पद्धतीने बोलायचे ठरवले, तर मध्यस्थाला आतले काही दिसत नाही आणि त्यामुळे साठवताही येत नाही. साधी पद्धत ठेवावी, तर कोणती पॅकेजे आपण आणतो हे वाटेतल्या माणसाला दिसू शकते. शाळेच्या बाबतीत हा तोटा आम्हाला क्षुल्लक वाटतो, पण तो आहे हे ठाऊक असावे.

सर्वांत मोठी मर्यादा नवी आहे. २०२२ सालच्या उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स हा ब्राउझर ‘स्नॅप’ या निराळ्या पद्धतीने येतो. तो अ‍ॅप्टच्या भांडारातून येत नाही, म्हणून वरील साठ्यातही येत नाही. ज्या प्रोग्रॅमला सुरक्षेची गरज सर्वाधिक, तोच टाकीला वळसा घालून प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे उतरतो. उबुंटू वापरणाऱ्या शाळांच्या दृष्टीने हा बदल गैरसोयीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कक्षासाठी वितरणप्रणाली निवडताना या मुद्द्याला वजन द्यावे.

आणि मांडणीचा तिसरा टप्पा टाकीनेही कमी होत नाही. मात्र तो प्रत्येक संगणक स्वतःच्या बळावर, इतरांना न अडवता पार पाडतो. शनिवारी दुपारी वर्ग सुटल्यावर तो चालू द्यावा. फक्त तेवढा वेळ विजेची खात्री असावी.

करून पाहा

वरिष्ठ विद्यार्थ्यांसाठी यात एक चांगला प्रयोग दडलेला आहे. त्याला घड्याळ, वही आणि दोन-तीन संगणक पुरेत. प्रथम एका संगणकावर तिन्ही टप्प्यांचा वेळ वेगवेगळा नोंदवा. अ‍ॅप्टला ‘फक्त पॅकेजे आणून ठेव, मांडू नकोस’ असे सांगण्याची सोय आहे, तिचा उपयोग करा. मग तेच काम दोन संगणकांवर एकदम सुरू करा, मग तिनांवर, आणि दुसऱ्या टप्प्याचा वेळ कसा बदलतो ते पाहा. आणून ठेवलेली पॅकेजे प्रत्येक वेळी आधी पुसून टाकायला विसरू नका, नाहीतर दुसरा प्रयोग विनाकारण वेगवान दिसेल. शेवटी मध्यस्थ बसवून तीच मोजणी पुन्हा करा. आकडे आलेखावर मांडले, की वाहिनी भरली म्हणजे काय आणि साठा म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागणार नाही. आपल्या शाळेचे आकडे आम्ही वर धरलेल्या आकड्यांपेक्षा वेगळे येतील. तेच खरे धरावेत आणि त्यांवरूनच निर्णय घ्यावा.

वेगाचा कोणताही दावा समोर आला, तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायची सवय लावता येईल. कोणता टप्पा वेगवान झाला? कोणासाठी झाला? आणि त्यासाठी काय सोडून दिले? हे तीन प्रश्न विचारल्यावर लोकप्रिय उपायांपैकी फारच थोडे शाळेच्या दारातून आत येतात. जो येतो त्याला खर्च जवळजवळ नाही : एक जुना संगणक, थोडी मोकळी डिस्क आणि एका दुपारचे काम.